खाऱ्या बावलीचं शहर

दिल्लीतल्या कुठल्याही वसाहतीत हा प्रयोग होतो. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा तरुण दारात येतो, घरातलेच दोन ग्लास मागतो. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातलं. मग पिशवीतून एक छोटं उपकरण काढतो. त्याला खाली चार सळया असतात, काही लोखंडाच्या, काही अ‍ॅल्युमिनियमच्या. सळया दोन्ही ग्लासांत बुडवून बटण दाबलं, की अर्ध्या मिनिटात नळाचं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग काळपट हिरवं होतं आणि वर फेस येतो. यंत्राचं पाणी मात्र तसंच नितळ राहतं. घरातली बाई तोंडाला पदर लावते. ‘हे आम्ही मुलांना पाजत होतो?’

त्या ग्लासात जे दिसतं ती घाण पाण्यातली नसते. ती सळईतली असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. यंत्रातून निघालेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि सळई झिजत नाही. यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर तेही तितकंच काळं होईल. उलट नळाच्या पाण्यात काविळीचे विषाणू असतील, तर त्यांच्याबद्दल ही सळई काहीच सांगणार नाही.

दिल्लीच्या पाण्याची सगळी गोष्ट या दोन ग्लासांत आहे. हे शहर क्षारांना घाबरतं. क्षार जिभेला कळतात, भांड्यावर दिसतात आणि खिशातल्या मीटरवर आकडा होऊन उमटतात. पण या शहराला पाण्याने जेव्हा जेव्हा खरोखर आजारी पाडलं, तेव्हा कारण वेगळंच होतं. ते दिसत नव्हतं आणि त्याला चवही नव्हती.

तरी क्षारांची तक्रार खोटी नाही. महाराष्ट्रातून बदली होऊन दिल्लीला गेलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यातच ती जाणवते. मुंबईच्या पाण्यात ज्या साबणाच्या वडीला भरपूर फेस यायचा, तिला द्वारकेच्या किंवा नजफगडच्या बोअरच्या पाण्यात चिकट पांढरा साका येतो. तुरीची डाळ कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्यांत शिजत नाही, दाणा दाणा वेगळा राहतो. शेजारीण सांगते, ‘पानी भारी है, भाभीजी, थोडा मीठा सोडा डाल दिया करो।’ गिझरची कॉइल वर्षभरात चुन्याच्या जाड थराखाली जाते. उन्हाळ्यात कूलरच्या भुश्याच्या जाळ्या एका मोसमात दगडासारख्या कडक होतात, कारण पाणी हवेत उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात या दोन पाण्यांना फार नेमके शब्द आहेत: सुफेन आणि दुष्फेन. ज्यात साबणाला चांगला फेस येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन. बोलताना आपण हलकं पाणी, जड पाणी म्हणतो. जडपणा येतो मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. साबणातली स्निग्धाम्लं कॅल्शियमला धरून बसतात आणि न विरघळणारा साका होतो. सगळं कॅल्शियम असं संपलं की मगच फेस यायला लागतो, म्हणजे तोवरचा साबण वाया. डाळीचंही तसंच. दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणखी घट्ट बांधतं. सोडा टाकला की पाणी अल्कधर्मी होतं, ती वीण सैल पडते आणि डाळ गळते. म्हणजे शेजारणीचा सल्ला रसायनशास्त्राला धरूनच असतो.

जडपणातही दोन प्रकार. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्यावर जातो, म्हणजे तो भांड्याच्या तळाशी पांढरा थर होऊन बसतो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला उकळूनही जात नाही. दिल्लीच्या भूजलात दोन्ही सापडतात.

याचं मूळ जमिनीत आहे. दिल्लीच्या एका अंगाला अरवलीचं शेवटचं टोक, ज्याला तिथे ‘रिज’ म्हणतात, क्वार्टझाइटच्या कठीण खडकाचं. दुसऱ्या अंगाला यमुना आणि तिचा पूरमैदानाचा पट्टा. मधे आणि पश्चिमेला गाळाची सपाट जमीन. यमुनेच्या काठच्या वाळूत पुराचं ताजं पाणी मुरतं, म्हणून तिथल्या विहिरी गोड. नदीपासून पश्चिमेला, नजफगड-कंझावलाच्या दिशेने जाऊ लागलं की पाणी खारं होत जातं. या गाळात चुनखडीच्या गाठी भरपूर आहेत. त्यांना उत्तरेत ‘कंकर’ म्हणतात आणि त्या पाण्यात विरघळत राहतात. पाऊस कमी, ऊन प्रचंड, जमिनीला उतार नाही. पाणी वाहून जाण्याऐवजी वर खेचलं जाऊन उडून जातं आणि क्षार साचत राहतात. त्याच्या जोडीला काही भागांत फ्लोराइड, काही भागांत नायट्रेट.

ही गोष्ट आजची नाही. जुन्या दिल्लीतल्या मसाल्याच्या बाजाराचं नावच खारी बावली. बावली म्हणजे पायऱ्यांची विहीर. मिरची-हळदीच्या पोत्यांच्या त्या गर्दीत आता बावली कुठेच दिसत नाही, पण तिच्या पाण्याची चव नावात राहिली आहे. मेहरौलीत गंधक की बावली आहे, पाण्यातल्या गंधकामुळे ते नाव पडलं. विहिरीचं पाणी कसं आहे हे लोक तिच्या नावातच नोंदवून ठेवत. शाहजहानने शहर वसवलं तेव्हा त्याला इथल्या विहिरींचा भरवसा नव्हता. यमुनेचं पाणी दूरवरून कालव्याने आणून चांदनी चौकाच्या मधोमध खेळवलं गेलं. अली मर्दान खानाच्या नावाने ओळखला जाणारा तो कालवा पुढे 18व्या शतकातल्या धामधुमीत कोरडा पडला आणि 1820 मध्ये कंपनी सरकारने तो पुन्हा वाहता केला, तेव्हा शहरात आनंद झाला. कालव्याचं गोडं पाणी जमिनीत मुरायचं आणि आसपासच्या विहिरीही गोड व्हायच्या. 1857 नंतरच्या उद्ध्वस्त दिल्लीबद्दल मिर्झा गालिबने मित्रांना जी पत्रं लिहिली, त्यांत लाल डिग्गी भागातल्या विहिरी खाऱ्या झाल्याचं दुःख आहे. शहर मोडलं हे सांगताना त्याला विहिरीची चव आठवली.

त्याच काळात इंग्रज डॉक्टरांना दिल्लीत एक चिवट फोड सापडला. चेहऱ्यावर, हातावर होणारा, महिनोन्‌महिने न भरणारा. त्याला त्यांनी ‘दिल्ली बॉइल’ म्हटलं आणि बऱ्याच जणांनी ठपका ठेवला तो विहिरींच्या खाऱ्या, जड पाण्यावर. पुढे कळलं की तो वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या लेशमॅनिया नावाच्या परजीवीचा आजार आहे. पाणी निर्दोष होतं. चवीवरून दोषी ठरवायची सवय इतकी जुनी आहे.

आजची दिल्ली मात्र मुख्यतः विहिरींवर जगत नाही. दिल्ली जल बोर्डाची स्थापना 1998 ची. दिवसाला साधारण 1000 दशलक्ष गॅलन पाणी हे बोर्ड पुरवतं आणि त्यातलं बहुतेक बाहेरून येतं. यमुनेचं पाणी हथनीकुंड बंधाऱ्यापासून हरयाणातून येतं. त्यासाठी मुनक गावापासून 102 किलोमीटरचा पक्क्या अस्तराचा कालवा बांधला, पाणी वाटेत मुरू नये म्हणून. गंगेचं पाणी मुरादनगरहून मोठ्या नळांतून भागीरथी आणि सोनिया विहारच्या शुद्धीकरण केंद्रांत येतं. भाक्राचं पाणीही कालव्याने येऊन मिळतं. हे सगळं हिमालयाचं पाणी, बर्फाचं आणि पावसाचं. तुलनेने हलकं.

त्यामुळे दिल्लीत एक पाणी नाही. सोनिया विहारचं गंगेचं पाणी पूर्व आणि दक्षिण दिल्लीला जातं. हैदरपूरचं वायव्येला. वजीराबाद आणि चंद्रावल यमुनेतून थेट उपसा करून मध्य आणि उत्तर दिल्लीला देतात. द्वारका वसली तेव्हा तिथे बरीच वर्षं बोअरचं खारं पाणी आणि टँकर हाच आधार होता. मुनक कालव्याचं पाणी आल्यावर तिथलं स्वतःचं केंद्र सुरू झालं. आजही अनेक सोसायट्यांत नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत मिसळतं. पुरवठा कमी झाला की बोअरचा वाटा वाढतो आणि त्याच घरात, त्याच नळाला सोमवारी साबण फेसाळतो, गुरुवारी नाही. शेजारच्या गाझियाबाद-नोएडात तर घराच्या जाहिरातीत ‘गंगा का पानी’ हे वेगळं कलम असतं. घर भाड्याने घेणारा आधी मेट्रो किती लांब ते विचारतो आणि मग लगेच ‘टीडीएस कितना है?’

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचं एकूण वजन, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे ते 500 पर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावं. जडपणाची तशीच मर्यादा 200 आणि 600. आता या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या जडपणाला आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घालून दिलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतात. मर्यादा आहेत त्या चव, साबण, नळ आणि बॉयलर यांच्या सोयीसाठी. नायट्रेटची 45 ची मर्यादा मात्र तान्ह्या बाळांच्या जिवासाठी आहे, फ्लोराइडची दातांसाठी आणि हाडांसाठी. आणि मैल्यातून येणाऱ्या ई-कोलाय जिवाणूंची मर्यादा सरळ आहे: 100 मिलिलिटरमध्ये एकही नको. टीडीएसचं खिशातलं मीटर यातलं काहीच वेगळं करून दाखवत नाही. त्याला कॅल्शियमही आकडा आणि नायट्रेटही आकडा. जिवाणू तर त्याला दिसतच नाहीत.

जे मीटरला दिसत नाही त्याने या शहराला एकदा जबर तडाखा दिला आहे.

1955 चा पावसाळा संपला आणि यमुनेचं पाणी ओसरलं. नदीने पात्र बदललं होतं. वजीराबादच्या उपसा केंद्राच्या खालच्या अंगाला नजफगडचा नाला नदीला मिळतो. हा नाला म्हणजे एके काळची साहिबी नदीची वाट, जिच्यात तोवर शहराचं सांडपाणी वाहू लागलं होतं. नदीची मुख्य धार दूर सरकली तसं नाल्याचं पाणी उलटं, वरच्या दिशेने चढून उपशाच्या तोंडाशी आलं. केंद्रातल्या लोकांना पाणी बिघडल्याचं कळलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. त्याचा उपयोगही झाला. शहरात टायफॉइड वाढला नाही, हगवण वाढली नाही. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे पाणी निर्धोक होतं.

डिसेंबरमध्ये कावीळ सुरू झाली. जानेवारी 1956 संपेपर्यंत दिल्लीत सुमारे 29,300 माणसं पिवळी पडली होती. लक्षणं न दिसलेले आणखी कितीतरी. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा खूप जास्त होतं. क्लोरीनने जिवाणू मेले होते, विषाणू राहिला होता. डॉ. आर. विश्वनाथन यांनी या साथीचा जो अभ्यास केला, तो जगभरच्या साथरोगशास्त्रात आजही वाचला जातो.

तो विषाणू कोणता, हे कळायला पंचवीसहून जास्त वर्षं लागली, आणि इथे पुण्याचा संबंध येतो. त्या काळी सगळ्यांनी ही कावीळ ‘अ’ प्रकारची धरली होती. पण भारतात ‘अ’ विषाणू बहुतेकांना लहानपणीच होऊन गेलेला असतो, मग मोठी माणसं इतक्या संख्येने कशी आजारी पडली? 1980 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांसोबत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या श्रीनिवासन, प्रसाद आणि खोरशेद पावरी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये शोधनिबंध लिहिला. दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले गेले होते. उत्तर असं निघालं की ही कावीळ ‘अ’ही नाही आणि ‘ब’ही नाही. 1983 मध्ये मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेतून काढलेला अर्क स्वतः पिऊन स्वतःला कावीळ करून घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दाखवले. आज त्याला हिपॅटायटिस ‘ई’ म्हणतात. एका शहराच्या नळातून तो हजारो घरांत गेला होता, आणि त्या पाण्याच्या चवीत कुणालाही काही वावगं लागलं नव्हतं.

त्या साथीनंतर, 1959 मध्ये, वजीराबादला बंधारा झाला. उपशाचं पाणी वर अडलं आणि नाला बंधाऱ्याच्या खाली राहिला. नजफगड नाला आजही तिथेच नदीला मिळतो आणि तिथून पुढे यमुना नदी राहत नाही. वजीराबाद ते ओखला हा 22 किलोमीटरचा पट्टा 1,376 किलोमीटरच्या यमुनेच्या दोन टक्क्यांहूनही कमी, पण नदीतल्या प्रदूषणाचा बहुतांश भार इथेच पडतो. पुलावरून जाताना लोक गाडीच्या काचा वर करतात. पिण्याचं पाणी मात्र बंधाऱ्याच्या वरच्या बाजूचं, त्यामुळे या फेसाळ यमुनेचा आणि दिल्लीकरांच्या ग्लासाचा थेट संबंध नाही, असं वाटतं.

पण वरून येणारं पाणीही निखळ नाही. वर हरयाणात पानिपत आणि सोनिपत आहेत. मराठी माणसाला पानिपत म्हणताच 1761 आठवतं, दिल्लीच्या जल बोर्डातल्या रसायनतज्ज्ञाला अमोनिया आठवतो. पानिपत हे आज सतरंज्या, पडदे, घोंगड्यांचं मोठं केंद्र आहे. तिथल्या रंगाईच्या कारखान्यांचं आणि दोन्ही शहरांचं सांडपाणी नाल्यांतून यमुनेत उतरतं. हिवाळ्यात नदीत पाणी कमी असतं, तेव्हा वजीराबादला अमोनिया वाढतो. मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे 0.5 मिलिग्रॅमच्या वर नको. शुद्धीकरण केंद्रांना साधारण 1 मिलिग्रॅमपर्यंत झेपतो. त्यापुढे गेला की केंद्र अर्ध्यावर येतं किंवा बंद पडतं.

कारण क्लोरीनचं गणित. पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन आधी त्याच्याशी झुंजतं, क्लोरामाइन तयार होतात आणि जंतू मारायला मोकळं क्लोरीन उरत नाही. एक भाग अमोनिया संपवायला आठ-दहा भाग क्लोरीन लागतं. एरवी दोन-तीन मिलिग्रॅममध्ये भागतं तिथे इतकं ओतायचं, तर नळाला उग्र वास येतो आणि पाण्यातल्या सेंद्रिय घाणीशी क्लोरीनचा संयोग होऊन नको ती संयुगं तयार होतात. अमोनिया हा आणखी एका गोष्टीचा निरोप असतो. तो आला म्हणजे ताजं सांडपाणी आलं. फेब्रुवारी 2025 च्या विधानसभा निवडणुकीत हा अमोनिया प्रचाराचा विषय झाला, पाण्यात विष कालवल्याचे आरोप झाले, निवडणूक आयोगाच्या नोटिसा गेल्या. निकाल लागले आणि अमोनिया मागे पडला. पण तो दर हिवाळ्यात येतो, आणि तो काढून टाकणाऱ्या वेगळ्या संयंत्राची चर्चाही येते.

केंद्र बंद पडण्याची कारणं एवढीच नाहीत. फेब्रुवारी 2016 मध्ये जाट आरक्षण आंदोलनात मुनक कालव्याचे दरवाजे आंदोलकांच्या ताब्यात गेले. दिल्लीतली केंद्रं थांबली, शाळांना सुट्टी दिली गेली आणि अखेर लष्कराने कालवा सोडवला. जुलै 2023 मध्ये यमुना 208.66 मीटरवर चढली, 1978 चा 207.49 चा विक्रम मोडला, आणि पाणी इतकं झालं की वजीराबाद, चंद्रावल, ओखला ही केंद्रंच पाण्यात गेली. महापुरात लोक पिण्याच्या पाण्याच्या रांगेत उभे होते.

पाणी थांबलं की काय होतं, हे समजलं तर पुढचं सगळं समजतं. जमिनीखालचा नळ भरलेला असतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. तडा असेल तर पाणी बाहेर गळतं. तोटा होतो, पण आतलं पाणी स्वच्छ राहतं. नळ रिकामा झाला की हा खेळ उलटतो. आता बाहेरचं आत येतं. दिल्लीच्या गल्ल्यांत पाण्याचा नळ आणि मैल्याचा नळ हातभर अंतरावर, कुठे कुठे एकमेकांना चिकटून गेलेले आहेत. काही नळ अनेक दशकं जुने, गंजलेले. त्यात बहुतेक घरांत नळाला थेट मोटर जोडलेली असते. दाब कमी म्हणून मोटर लावायची, मोटर लावली म्हणून शेजाऱ्याचा दाब कमी, म्हणून त्याचीही मोटर. या मोटरा नळातलं पाणी शोषतात आणि नळ आजूबाजूच्या मातीतलं जे असेल ते शोषतो. केंद्रातून पाणी मानकाप्रमाणे निघतं, हे जल बोर्डाचं म्हणणं बहुधा खरं असतं. रहिवाशाच्या बादलीत पहिली पाच मिनिटं काळं, वास येणारं पाणी पडतं, हेही खरं असतं. मधले किलोमीटर दोघांचंही म्हणणं खरं करतात.

16 नोव्हेंबर 2019 ला केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी भारतीय मानक ब्युरोची तपासणी जाहीर केली, तेव्हा याच प्रश्नावर रण माजलं. राज्यांच्या राजधान्यांच्या नळांचे नमुने आयएस 10500 वर तपासले होते. मुंबईचे दहाच्या दहा नमुने उत्तीर्ण. दिल्लीचे अकराच्या अकरा अनुत्तीर्ण. दिल्ली सरकारने नमुन्यांची संख्या आणि हेतू दोन्हींवर आक्षेप घेतला. अकरा नमुन्यांवर दोन कोटींच्या शहराचा निकाल लावता येत नाही, हा आक्षेप रास्तच होता. पण अकरापैकी एकही उत्तीर्ण नाही, हेही डोळ्याआड करण्यासारखं नव्हतं.

मुंबईकरांना तो निकाल ऐकून बरं वाटलं, आणि वाटायलाही हरकत नाही, मात्र त्यात निसर्गाचा वाटा किती हे पाहायला हवं. मुंबईचं पाणी म्हणजे ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरांवर पडलेला चार महिन्यांचा पाऊस. काळ्या कातळावरून वाहत तो तानसा, वैतरणा, भातसाच्या जलाशयांत साठतो. त्याच्या वरच्या अंगाला पानिपतसारखं शहर नाही. कातळातून फार क्षार उतरायला वेळही मिळत नाही, म्हणून ते पाणी सुफेन. विहार तलाव 1860 चा, तानसा 1892 चा. इतक्या आधीपासून मुंबईने आपलं पाणी शहराबाहेर, माणसांपासून दूर शोधलं. दिल्लीला तो पर्यायच नव्हता. ती नदीच्या खालच्या अंगाला वसली आहे आणि वरच्यांनी जे सोडलं तेच तिला मिळतं. मुंबईतही पाणी ठरावीक तासच येतं, तिथल्या जुन्या चाळींच्या नळांतही गळती आहे. तो धोका दहा नमुन्यांनी संपत नाही.

तर, काळं पाणी दिसलं, टीडीएसचा आकडा ऐकला, सळयांचा प्रयोग पाहिला, की माणूस यंत्र घेतो. पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलणारी ही आरओची यंत्रं आज दिल्लीच्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात गॅसइतकीच नेहमीची आहेत. खाऱ्या बोअरच्या पाण्यासाठी, फ्लोराइडसाठी, नायट्रेटसाठी ती खरोखर उपयोगाची. नीट निगा राखली तर विषाणूही अडवतात. पण सोनिया विहारच्या पाण्याचा टीडीएस मर्यादेच्या आतच असतो. त्याला हवी असते गाळणी आणि जंतू मारणारी अतिनील किरणांची नळी. तिथेही आरओ लागतं, कारण आकडा 40 वर आलेला पाहून जिवाला बरं वाटतं. त्या पाण्यातून कॅल्शियम गेलं आणि मॅग्नेशियम गेलं, हे आकडा सांगत नाही.

आणि पाणी वाया जातं ते वेगळंच. घरगुती यंत्र साधारण एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर टाकतं. चौघांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला 20 लिटर लागले, तर 60 लिटर मोरीत. काही गृहिणी ते पाणी बादलीत धरतात, फरशी पुसतात, धुणं भिजवतात. वाळल्यावर फरशीवर पांढरे डाग राहतात, तरी त्या धरतात. मे 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आदेश दिला की ज्या पाण्याचा टीडीएस 500 पेक्षा कमी आहे तिथे आरओ वापरायला बंदी घालावी आणि यंत्रांनी किमान 60 टक्के पाणी तरी परत मिळवून द्यावं. यंत्रं बनवणारे न्यायालयात गेले, नियमांचे मसुदे निघाले. घराघरांतली यंत्रं चालूच आहेत. नळावर विश्वास नसलेल्या आईला लवादाचा आदेश दाखवून काय उपयोग? तिच्या मुलाला मागच्या वर्षी टायफॉइड झाला होता, आणि तिला निर्णय घ्यायला फक्त तेच पुरे होतं.

ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांचं पाणी 20 लिटरच्या निळ्या कॅनमधून येतं. जुन्या राजेंद्रनगरात आणि मुखर्जीनगरात स्पर्धा परीक्षांसाठी लातूर-परभणी-सोलापूरकडून आलेली शेकडो मराठी मुलं राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत पुस्तकांच्या ढिगाशेजारी एक कॅन उपडा ठेवलेला असतो. बऱ्याचशा कॅनवर ना नाव असतं, ना तारीख. गल्लीतल्या एखाद्या गाळ्यात बोअर, आरओ आणि थंड करायचं यंत्र, एवढ्यावर असे धंदे उभे राहतात. गावाकडे बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या या मुलांना कॅनचं पाणी पहिल्यांदा ‘फिकं’ लागतं. मग त्याचीच सवय होते. दिवाळीला घरी गेल्यावर विहिरीचं पाणी जड वाटायला लागतं.

दिल्ली सरकारने दरमहा 20,000 लिटरपर्यंत पाणी मोफत केलं, आणि गरिबांच्या घरखर्चात त्याने फरक पडला. पण मोफत पाणीही मोजायचं झालं तर मीटर चालू हवं, आणि गळती शोधायची झाली तर मोजमाप हवं. शुद्ध करून सोडलेल्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाण्याचा हिशेबच लागत नाही. मालवीयनगर, वसंत विहार, नांगलोईत चोवीस तास पुरवठ्याचे प्रयोग दशकभरापूर्वीच हाती घेतले गेले. ते जिथे रेंगाळले तिथे लोकांचा धीर सुटला. तरी चोवीस तास पाणी ही श्रीमंतांची चैन नव्हे. नळ कधीच रिकामा होऊ न देणं हाच त्यात मैला शिरू न देण्याचा सगळ्यात साधा उपाय आहे. कराडजवळच्या मलकापूरने 2009 च्या सुमारास मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, आणि ते गाव काही श्रीमंत नव्हतं. ओडिशातल्या पुरीत 2021 मध्ये थेट नळाचं पाणी प्या, असं सरकार सांगू शकलं. यात्रेकरूंनी भरलेल्या त्या शहरात हे घडलं ते नळ सतत भरलेले ठेवून आणि गल्लोगल्ली पाणी तपासून.

दिल्लीत ते कठीण आहे. 15,000 किलोमीटरहून लांब नळांचं जाळं, आधी वसलेल्या आणि मागून मान्यता मिळालेल्या वसाहती, कुठे काय पुरलंय याचे नकाशेच नाहीत अशा गल्ल्या. पण ते नळ आज ना उद्या बदलावेच लागणार आहेत, आणि एका जुन्या नळाच्या जागी नवा आला की त्या गल्लीतली कावीळ कमी होते, मग तिथला टीडीएस कितीही असो.

पहाटे साडेपाचला पश्चिम दिल्लीतल्या गल्लीत पाणी यायची वेळ होते. त्याआधीच मोटरा सुरू होतात, एकापाठोपाठ एक, सगळ्या घरांतून. नळातून आधी हवा येते, फुसफुसते, थांबते, पुन्हा येते. मग पिवळसर धार. ती पहिली बादली संडासात ओतण्यासाठी बाजूला ठेवायची, हे लहान मुलांनाही माहीत असतं. धार नितळ दिसू लागली की बाई ओंजळ धरून वास घेते, जिभेला लावून पाहते. ‘आज मीठा आया है,’ ती आतल्या माणसांना सांगते, आणि घागर नळाखाली सरकवते.